स्वस्तात मस्त पिस्तूल

"बजेट दीड लाख. सेमी-ऑटोमॅटिक पाहिजे, पण हल्लीचं प्लास्टिकचं नको. जुन्या इंग्रजी सिनेमातल्यासारखं, लोखंडी, क्लासिक. कुठलं घेऊ?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला किमान सात-आठ जणांनी विचारलाय. विचारणारे बहुतेक सातारा-सांगलीकडचे. कऱ्हाड, वाळवा, तासगाव, कोरेगाव. नोकरी हिंजवडी नाहीतर खराडीला, गावाकडं ऊस, गेल्या दिवाळीत घेतलेली मोठी गाडी. मला विचारण्याचं कारण इतकंच की मला यंत्रांचं वेड आहे आणि जॉन ब्राउनिंग या माणसावर मी कुणी थांबवेपर्यंत बोलू शकतो.

तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं उत्तर आहे: घेऊ नका. ज्यांना कारणं नकोत त्यांनी इथंच थांबावं आणि शनिवार सत्कारणी लावावा. बाकीच्यांसाठी पुढचं.

आधी बाजार बघू. आपल्या लोकांची गंमत अशी की अमेरिकन माणसांचे व्हिडिओ बघून ते शॉर्टलिस्ट बनवतात. कोल्ट १९११ ची अमुक कंपनीची स्वस्त आवृत्ती, फिलिपिन्समध्ये बनलेली तमुक, ब्राउनिंग हाय-पॉवरची तुर्की नक्कल. रंगीत एक्सेल शीट तयार. फक्त एक कॉलम राहून जातो: यातलं आपल्याकडं काय मिळतं? आपल्याकडं सर्वसामान्य माणसाला पिस्तूल आयात करायची मुभा १९८० च्या दशकातच बंद झाली. नामवंत नेमबाजांना सवलत आहे, तुम्हा-आम्हाला नाही. ९ मिलिमीटर पॅराबेलम हे जगातलं सगळ्यात लोकप्रिय काडतूस इथं 'प्रतिबंधित बोअर' मध्ये येतं. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, ते काम दिल्लीचं. म्हणजे हाय-पॉवर गेलं. गंमत म्हणजे तेच पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात आपल्या फौजेसाठी वर्षानुवर्षं बनलं. बनतं इथंच, पण तुमच्यासाठी नाही.

मग उरतं काय? मुख्यतः .३२. सरकारी कारखान्याचं .३२ पिस्तूल, नाव 'अशनी'. पूर्वी हे कारखाने आयुध निर्माणी मंडळाखाली होते. १ ऑक्टोबर २०२१ ला मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि छोटी हत्यारं कानपूरच्या कंपनीकडं गेली. अलीकडं खासगी कारखानेही उतरलेत. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात वेब्लीच्या नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर बनतं. किमतीचा अंदाज हवा असेल तर २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ चा ४० टक्के झाला. त्याच ४० टक्क्यांच्या यादीत खासगी विमान, यॉट आणि तंबाखू ओढायचा पाइप आहे. सरकारनं पिस्तुलाला कुठल्या पंगतीत बसवलंय ते यावरून कळावं.

"मग जुनं इम्पोर्टेड घेतो की!" हे पुढचं वाक्य ठरलेलं. जुनं कोल्ट १९०३, वॉल्थर पीपीके, कुणाच्या तरी आजोबांच्या परवान्यावरचं. आयात बंद असल्यामुळं या मालाचा पुरवठा वाढत नाही, मागणी मात्र वाढते. परिणाम कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकलेलाच आहे. परदेशात जुन्या बाजारात पडून असलेल्या वस्तूला इथं कित्येक लाख मोजतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं स्प्रिंग, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारा माणूस मिळाला तर नशीब. कुठल्याही प्रॉडक्शन सर्व्हरवर तुम्ही असलं हार्डवेअर लावाल का? नाही ना? मग ज्यावर जीव अवलंबून आहे असं तुम्हीच म्हणता, तिथं कसं लावता?

थोडक्यात, 'स्वस्त', 'क्लासिक' आणि 'कायदेशीर' या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. स्वस्त आणि क्लासिक दिसणारं एकच मिळतं, ते म्हणजे मध्य प्रदेशच्या सीमेकडून येणारा गावठी माल. त्याच्या बातम्या सातारा-सांगलीच्या पेपरात सारख्याच असतात: सापळा रचून अटक, पिस्तूल आणि जिवंत काडतुसं जप्त, फोटोत खाली मान घालून बसलेली विशीतली पोरं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना हत्यार बाळगायला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत. प्रतिबंधित हत्यार असेल तर सात ते चौदा. त्यावर आणखी लिहायची गरज वाटत नाही.

आता यंत्राबद्दल थोडं, कारण मला कुणी हत्यारद्वेष्टा समजू नये. १९११ हे खरोखर देखणं इंजिनिअरिंग आहे. अमेरिकी सैन्यानं ते मार्च १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत ते त्यांचं अधिकृत पिस्तूल होतं. चौऱ्याहत्तर वर्षं! आपलं कुठलं सॉफ्टवेअर चौऱ्याहत्तर महिने तरी टिकतं का? गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात, दोघी मिळून थोड्या मागं जातात, दाब उतरला की नळी खाली झुकून सुटी होते आणि स्लाइड एकटी मागं जाऊन रिकामं टरफल फेकते. ही कल्पना आजही जगातल्या बहुतेक पिस्तुलांत आहे. .३२ चं काडतूसही ब्राउनिंगचंच, १८९९ चं. पण त्यातली गोळी साधारण साडेचार ग्रॅमची आणि .४५ ची पंधरा ग्रॅमची. .३२ ची ताकद इतकी कमी की नळी अडकवून ठेवायची गरजच पडत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांवर भागतं. म्हणजे ज्या यंत्रणेच्या प्रेमात पडून तुम्ही 'क्लासिक' म्हणताय, ती तुम्हाला परवडणाऱ्या .३२ मध्ये बहुधा नसतेच. दिसायला मिळेल ते फक्त कव्हर.

असो. बाजार आणि यंत्र बाजूला ठेवू. मुळात पाहिजे कशाला?

पहिलं उत्तर येतं, "सेफ्टी." ठीक आहे, सेफ्टी. मग जसा आपण डिझाइन रिव्ह्यू करतो तसा करू. हल्ला होणार कधी? तुम्ही तयार असताना नाही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर नावाच्या पोलिसानं १९८३ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता: सुरा घेतलेला माणूस एकवीस फुटांवरून धावत आला तर त्याला दीड सेकंद लागतो. जवळपास तेवढाच वेळ शिकलेल्या पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला लागतो. शिकलेल्या, रोज कमरेला लावणाऱ्या पोलिसाला! तुमचं पिस्तूल कपाटात, किल्ली बायकोच्या पर्समध्ये, काडतुसं वेगळ्या ड्रॉवरमध्ये. आणि तसंच ठेवायला पाहिजे, कारण घरात पोरं आहेत. सुरक्षित ठेवलं तर वेळेला हाताशी नाही, हाताशी ठेवलं तर सुरक्षित नाही. या कोड्याला आजवर कुणाकडं उत्तर नाही.

दुसरं, आचारसंहिता. हे मला नेहमी विनोदी वाटतं. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना हत्यारं जमा करायच्या नोटिसा येतात. कुणाला सूट द्यायची ते छाननी समिती ठरवते, बाकीच्यांनी पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची. आता आपल्याकडं भांडणं कधी होतात? निवडणुकीत! वर्षभर गावात शांतता असते तेव्हा पिस्तूल घरात, आणि डोकी फुटायच्या महिन्यात पिस्तूल ठाण्यात. अशा अपटाइमला आपण काय म्हणतो?

तिसरं, आणि हे मी हसत लिहीत नाही. घरातल्या पिस्तुलाचा सगळ्यात मोठा धोका बाहेरच्या चोरामुळं नसतो. ज्या देशाचे व्हिडिओ बघून आपण भारावतो, त्या अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये दाखवलं की घरात बंदूक असेल तर आत्महत्येचा धोका जवळपास पाचपट. कारण सरळ आहे. माणसाच्या डोक्यात येणारी ती वाईट घटका बऱ्याचदा निघून जाते, पण हाताशी पिस्तूल असेल तर ती निघून जायला वेळच मिळत नाही. आपल्या धंद्यात ले-ऑफ, ईएमआय, रात्रीच्या शिफ्टा आणि एकटे फ्लॅट आहेत. अशा घरात मी अनडू नसलेलं बटण बसवणार नाही.

सेफ्टीचा मुद्दा संपला की मग खरं उत्तर बाहेर येतं, आणि ते तिसऱ्या चहानंतर येतं. "अरे, जरा वजन पडतं." हां. आता बोललात.

हे वजन म्हणजे नक्की काय, ते आमच्या भावकीत मी बघितलंय. गाव कुठलं ते जाऊ द्या, कृष्णाकाठचंच. दोन चुलतघरांत बांधाचा वाद. कुणी कुणाच्या हद्दीत दीड फूट नांगर घातला, एवढंच. वीस वर्षं तो वाद व्यवस्थित चालू होता. व्यवस्थित म्हणजे दर पेरणीला शिवीगाळ, दोन वर्षांनी एकदा मोजणीचा अर्ज, जत्रेला एकमेकांच्या घरी न जाणं, पण मयताला मात्र जाणं. म्हाताऱ्या बायका विहिरीवर बोलायच्या, पोरं एका एसटीनं कॉलेजला जायची. मग एका घरातल्या थोरल्यानं परवाना काढला आणि पिस्तूल आणलं. कुणावर रोखलं नाही, झाडलं नाही, एकदा फक्त चावडीवर बसताना शर्ट वर सरकला. झालं! दुसऱ्या घरानं ठाण्यात अर्ज दिला, आणि सहा महिन्यांत त्यांच्याही एका पोरानं परवान्यासाठी फॉर्म भरला. आता शिवीगाळ होत नाही. कुणी काहीच बोलत नाही. मयतालाही जात नाहीत. बायकांचा रस्ता बदललाय. बांध अजून तिथंच आहे, दीड फूट वाकडा.

मला त्या पिस्तुलाची ही किंमत दिसते, आणि ती कुठल्या एक्सेलमध्ये नसते. भांडण हेसुद्धा एक बोलणंच असतं. आपल्याकडं ते मोठ्यानं चालतं, पण चालतं. पिस्तूल आलं की समोरच्यानं काय बोलावं? तो एकतर गप्प बसणार, नाहीतर स्वतः पिस्तूल आणणार. दोन्हीत तुम्ही हरलात.

आणि पिस्तूल असलं की भांडण कुठवर जाऊ शकतं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, जमिनीच्या वादातून सत्ताधारी आघाडीतल्या एका आमदारानं मित्रपक्षाच्या स्थानिक नेत्यावर गोळ्या झाडल्या. सीसीटीव्हीची चित्रफीत राज्यभर फिरली. स्वसंरक्षणासाठी केलं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच आठवड्यात दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाचा खून झाला आणि मारणाऱ्यानं स्वतःलाही संपवलं. बातम्यांप्रमाणे ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं. पोलीस ठाणं काय, कॅमेरा काय, परवाना काय, त्या क्षणी कशाचाच उपयोग झाला नाही.

आता आक्षेप. यातले दोन चांगले आहेत, म्हणून घेतो.

एक: "पुण्यात बसून सांगणं सोपं आहे. पाटण, जावळी, शिराळ्यात येऊन बघ. डुकरं भुईमूग ठेवत नाहीत, गवे उसात शिरतात, बिबट्या गोठ्यात येतो." शंभर टक्के मान्य. पण दादा, यातलं पिस्तुलाचं काम कुठलं? शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ वाचा. संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक आणि पीक राखायला ठासणीची बंदूक, यांसाठी कायद्यानं वेगळी, सोपी वाट ठेवलीय. बाकी हत्यारांना 'योग्य कारण' दाखवायला लागतं. म्हणजे १९५९ साली कायदा करणाऱ्याला शेतकऱ्याची गरज बरोबर कळलेली होती. रानात राखणीला बसणारा म्हातारा बारा बोअर मागतो, तो कधी क्लासिक सेमी-ऑटोमॅटिक मागत नाही. बिबट्याला तर कायद्यानंच संरक्षण आहे. म्हणून त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर तुमचं पिस्तूल ठेवू नका. शेतकऱ्याचे अर्ज लवकर निघावेत यासाठी लढायचं असेल तर मी तुमच्याबरोबर आहे.

दोन: "आपली माती लढवय्यांची आहे. पत्री सरकार इथलंच." हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो अर्धा खरा आहे. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सातारा आणि सांगलीचा मोठा भाग, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलला तूफान सेना तयार झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रजांच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. हत्यारं मिळवायला ही माणसं पार पोर्तुगीज गोव्यापर्यंत जात होती. एकेका पिस्तुलासाठी जीव धोक्यात.

पण पुढचा अर्धा भाग का सांगत नाही? त्या माणसांनी पिस्तूल शर्टाखाली लपवलं, शर्ट वर सरकवला नाही. त्यांच्याकडं ते एका कामापुरतं होतं. काम झाल्यावर त्यांनी काय केलं? नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले. जी. डी. बापूंनी आणि वसंतदादांनी साखर कारखाने उभे केले. नागनाथअण्णांनी वाळव्याला कारखाना काढला आणि त्याला नाव दिलं किसन अहिरांचं, पोलिसांच्या गोळीनं गेलेल्या आपल्या साथीदाराचं. ज्यांनी खरोखर हातात हत्यार धरलं होतं, त्यांनी मित्राच्या नावानं ऊस गाळायची सोय केली. आणि त्याच उसाच्या बिलातून, नाहीतर त्याच पैशावर शिकून मिळालेल्या पगारातून, आपण 'वजन' म्हणून पिस्तूल विकत घेणार! आणि वर त्यांचंच नाव सांगणार. थोडी तरी लाज वाटू दे.

परवाना आहेच ज्यांच्याकडं, त्यांना दोन ओळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. आणि वरातीत, जत्रेत, निकालाच्या दिवशी हवेत बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हवेत गेलेली गोळी ढगात राहत नाही, हे बारावी सायन्स झालेल्यांना मी सांगायला नको.

ज्यांना मनापासून यंत्राचं आणि नेमाचं वेड आहे, त्यांच्यासाठी मात्र चांगली बातमी. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. दहा मीटर एअर पिस्तूल हा ऑलिंपिकचा खेळ याच हत्यारानं खेळतात. साठ गोळ्या, पंच्याहत्तर मिनिटं, आणि ज्याला दहा गुण मिळतात ते वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. बालेवाडीला रेंज आहे, हिंजवडीतून कितीसं लांब? शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य आणलं. वजन पाडायचंच असेल तर ते असं पाडतात.

तिथं पहिल्याच दिवशी कळेल की हात स्थिर ठेवायला श्वास आवरावा लागतो, राग घेऊन गेलं तर गोळी कार्डाच्याही बाहेर जाते. दीड लाखाच्या निम्म्यात चांगलं शिकून होईल. उरलेल्या पैशात सरकारी मोजणीची फी भरा, चुलत्याला फोन करा आणि बांध एकदाचा सरळ करून घ्या.